पहिली मूठ

हरभऱ्याच्या डाळीनंतर चक्कीत गहू टाकला
तर पहिली मूठ पिवळीच निघते.
बायका रोज भांडतात,
"माह्या पिठात हे पिवळं कायचं, भाऊ?"
दगडात राहून गेलेलं, बाई. मागच्याचं.

बकरी माझीच होती. कबरी, एक कान फाटलेला.
नाल्यापलीकडच्या कोरड्या विहिरीत पडली,
दोन रात्री ओरडत राहिली.
मुकिंदा पारधी दोर न लावता उतरला
अन् दिवेलागणीला तिला खांद्यावर टाकून
माझ्या दारी आला.
चहा घेतला. कप त्यानेच विसळून पालथा ठेवला.
मी काही बोललो नाही.

पंचफुलाबाईने पारावरून पाहिलं होतं:
"मुकिंदा बकरी घेऊन चालला व्हता."
एवढंच. खोटं नव्हतं.
शालिकच्या दुकानात, अर्ध्या दाढीत,
विहीर गळून पडली.
बाजारात मिरच्या तोलता तोलता
माझं दार गळलं.
मोर्शीच्या एसटीत एका बकरीच्या चार झाल्या
आणि मुकिंदाचं नावही सांडलं कुठंतरी,
टाकरखेड्याच्या थांब्यावर असेल.
पारधी तेवढा सांडला नाही.

गोष्ट फिरून गावात आली
ती एका पाहुण्याच्या तोंडून, माझ्याच चक्कीवर.
पट्ट्याच्या आवाजात ओरडून तो मलाच सांगत होता,
"जपून राहा, भाऊ. तुमच्या इकडं पारधी बकऱ्या नेतेत म्हने."
मी पट्टा बंद केला.
सगळं सांगितलं. विहीर, दोन रात्री,
फाटका कान, चहा.
कपाचं राहून गेलं.
त्याने नीट ऐकलं. भला माणूस. मान हलवली.
"बिनदोराचा हिरीत उतरते!" म्हणाला,
"मंग भिंत चढाले त्याईले कितीक वेळ?"

मुकिंदा दळायला येतो तो शेवटी,
सगळ्यांचे डबे गेल्यावर.
पायलीभर ज्वारी.
तिच्यात गावभराचं थोडं थोडं निघतं,
गव्हाचं, डाळीचं, कुणाच्या तांदळाचं.
तो पीठ बोटांत चोळून पाहतो
आणि पैसे देतो.

त्या दिवशीही आला होता.
राम राम झाला, कबरी कशी आहे विचारलं त्यानं.
बरी आहे म्हटलं.

रात्री गोठ्याची कडी लावताना
मी बकऱ्या मोजल्या. तीन.
नेहमीच तीन असतात.
कडी लावली,
मग पुन्हा उघडून
टॉर्च मारला.