आधी माल, मग हाक

पिंपळखुट्यात थ्री फेज रात्री अकराला येते.
मोटारी सुरू होतात, व्होल्टेज खाली बसतं
आणि टेबलावरचा माझा तळहाताएवढा बोर्ड
चाचणीच्या मधेच डोळे मिटतो.
म्हणून उद्धव इंगोलेंना आधीच विचारून ठेवते,
काका, आज पाणी कोणत्या वावराला?
वरच्या वावराची डीपी वेगळी आहे.
"तुले काय करायचं वो बाई?"
म्हणतात, पण सांगतात.

बग असा, की मोठ्या मशीनवर तो नाहीच.
तिथे तीन वर्षं हा कोड बिनबोभाट चालला,
आठ प्रोसेसर एकाच डिरेक्टरीत हात घालत होते
नि एकही फाइल बिघडली नाही.
इथे, या स्वस्त चिपवर,
एकोणीस तासांतून एकदा
एखादी फाइल नाव लावून उभी असते
आणि आत काही नसतं.

आधी वाटलं, कुलपांचाच घोळ.
जुन्या लोकांनी अख्ख्या फाइल सिस्टिमला एकच कुलूप ठेवलं होतं.
मी ते काढून ज्याचं त्याला वेगळं दिलं,
आणि पहिल्याच आठवड्यात दोन प्रोसेसर अडून बसले:
एकाकडे ट्रॅक्टर, दुसऱ्याकडे थ्रेशर,
दोघंही धुऱ्यावर, तू दे, आधी तू दे,
सोयाबीनची गंजी तशीच.
उपाय जुनाच. मागायचा तर आधी ट्रॅक्टर, मगच थ्रेशर,
सगळ्यांनी, नेहमी, सख्खा भाऊ असला तरी.
ते मिटलं.
हे मिटेना.

मग परवा, रेशनच्या दुकानात.
भोंग्यावर हाक झाली, तांदूळ आला होऽ,
देवका मेश्राम सगळ्यांच्या आधी पोचली, पिशवी उघडून,
आणि आत नुसता उंदरांचा वास.
ट्रक अजून फाट्यावर, पंक्चर.
दुकानदार वही दाखवत होता:
हे पाहा, आधी ट्रक लिहिला, मग हाक लिहिली.
लिहिलं होतं बरोबर.
देवकाला दिसलं उलटं.
मी तशीच माघारी फिरले, तांदूळ न घेता.

मीही तेच लिहिलं होतं:
आधी माहिती ठेव, मग खूण लाव.
मोठी चिप लिहिल्या क्रमानंच इतरांना दाखवते,
जुन्या हेडमास्तरांसारखी.
छोटी घाईची, जे आधी उरकेल ते आधी,
तिच्यापुरता तिचा हिशेब चोख असतो.
चूक दिसते ती शेजारच्या प्रोसेसरला.

एक ओळ घातली. दोन, खरं तर,
लिहिणाऱ्याकडे एक, वाचणाऱ्याकडे एक:
इथवरचं सगळं पोचल्याशिवाय हाक नाही.
मोठ्या मशीनवर या ओळींचं काहीच होत नाही,
एक जास्तीची आज्ञासुद्धा बनत नाही.
तिला पत्ताही नाही
की कुणाला तरी थांबायला सांगितलंय.

बेचाळीस तास झाले. रिकामी फाइल सापडली नाही.
म्हणजे बग गेला, असं मी अजून लिहिणार नाही.
अकरा वाजले. पंखा मंदावला,
बोर्डाचा हिरवा दिवा लुकलुकला,
खालच्या वावरातून मोटरीची घरघर.

काका, वरच्या म्हणाले होते ना?