हजेरी शेवटी

नायगावची म्युनिसिपल शाळा, खोली नंबर अकरा.
दिवसा चौथी ब, रात्री आमची दहावी.
बाकं लहान, गुडघे वर येतात.
गांगुर्डे सरांची वही मी इथंच खणात ठेवतो.
घरी नेली तर नुसती वही होईल,
इथं ती अजून तासाला बसते.

पहिल्या पानावर निळ्या शाईत:
लुवेनिया प्रूइट. कविता. मराठीत.
खाली बारीक अक्षरात: जमेल तेवढं.

बाई अलाबामाची. मास्तरीण.
सरांनी तिला कधी पाहिलं नाही.
सत्त्याहत्तर साली परळच्या रद्दीवाल्याकडं तिचं पुस्तक
वजनावर मिळालं, ऐंशी पैशांना,
शेवटची पानं गेलेली, प्रकाशकाचा पत्ता शाबूत.
सरांनी पत्र टाकलं. सात महिन्यांनी
निळं एरोग्राम, कडेकडेनंसुद्धा लिहिलेलं.

तिच्या शाळेत पुस्तकं यायची ती गोऱ्यांच्या शाळेनं वापरून टाकलेली.
कव्हराच्या आत आधीच्या सहा पोरांची नावं,
सातव्यासाठी ओळच नाही.
म्हणून मी मुलांना कविता लिहायला लावते, तिनं लिहिलं होतं,
नाव घालायला कुठंतरी जागा हवी ना.

सर हे वर्गात वाचून दाखवत.
वर्गात रिंगखात्यातले, सुताच्या भुसकटानं भुवया पांढऱ्या.
ती लिहायची कपाशीवर, बोंडाच्या टोकांवर,
आईच्या नखांखाली सुकलेल्या रक्तावर.
मागच्या बाकावरून धोंडू अहिरेनं विचारलं,
सर, ही बाई मिलमध्ये होती का?
सर म्हणाले, नाही रे, मिलच्या आधी होती.

धोंडू बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
माझ्या बापाला साचेखात्यात घेतलं नव्हतं.
धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं,
आणि आमचं तोंड चालत नव्हतं.
हे तिला कळवा.
सरांनी कळवलं.
उत्तरात हळहळ नाही, उपदेश नाही. एकच प्रश्न,
धोंडूचं नाव आडनावासकट, नीट स्पेलिंग करून:
तो लिहितो का?

तिची एक सवय सरांनी उचलली, सरांची मी.
हजेरी शेवटी घ्यायची.
आधी घेतली तर पाळी संपवून धापा टाकत येणारा
दारातच गैरहजर होतो.
इन्स्पेक्टरनं दोनदा लाल शेरा मारला.
सरांनी शेऱ्याखाली सही केली, पोच म्हणून.

ती गेली ते वर्ष संपाचं. कळलं तेही उशिरा,
सरांचं पत्र शिक्का घेऊन परत आलं तेव्हा.
वर्गात चारच जण होते.
तासभर सरांनी काही शिकवलं नाही.
मग हजेरी घेतली.

वहीत तेहतीस कविता. बत्तिसावीत एक जागा कोरी:

मालक गेला, दंव पडलं,
तरी झाडावर होतं ______
आमच्यापुरतं.

तिच्या आजीचा शब्द. कुठल्याच कोशात नव्हता.
सरांनी अर्थ विचारला, तर तिनं कळवलं,
मलाही नक्की सांगता येत नाही,
आजी तो बरोबर घेऊन गेली. कोरंच ठेवा.
सरांनी ठेवलं. मीही.

गेल्या मंगळवारी वही सुकन्या हिवाळेकडं दिली, टाइप करायला.
ती लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुते. आजी परभणीकडची.
वही परत आली तेव्हा कोऱ्या जागेत
पेन्सिलनं, अगदी हलक्या हातानं:
फरदड.

मी म्हटलं, हे काय?
म्हणाली, वेचणी संपली तरी पऱ्हाट्या उपटत नाहीत, सर,
एक पाणी देतात, मागाहून थोडी बोंडं येतात.
हलका कापूस. भाव येत नाही त्याला.
आमच्या घरातल्या सगळ्या उशा त्याच्याच.

खोडरबर खणातच होतं. बाहेर काढून ठेवलं.
सरांनी पुसलं असतं? बाईनं?
बाईनं बहुतेक विचारलं असतं, ही मुलगी लिहिते का.

पावणेदहा. वॉचमन खाली किल्ल्या वाजवतोय.
आताच कुणीतरी आत आलं, सिक्युरिटीचा शर्ट तसाच अंगावर,
गुडघे दुमडून बसलं.
हजेरी अजून घ्यायचीय.