हललेला फोटो

दिवसभर मी लोकांना सांगतो,
श्वास रोकी राखो, हलता नहीं.
बडोद्याचा सरकारी दवाखाना, खोली नंबर सात,
जाड दरवाजा, वर लाल दिवा.
म्हाताऱ्या बरगड्या, पोरांची मोडलेली मनगटं,
एकदा तर गिळलेला रुपया,
पोटात उगवलेल्या चंद्रासारखा.
सगळं स्वच्छ यावं लागतं.
कुणी हललं की एक्स-रे वाया
आणि वर डॉक्टरांची बोलणी.

कॅमेरा शुक्रवारी बाजारातला, साडेचारशेला.
सेलचं झाकण तुटलेलं,
त्यावर दवाखान्यातलीच चिकटपट्टी.
विकणारा म्हणाला, चालेल. चालला.
नऊ वर्षांची चारुता
गळ्यात पट्टा दोनदा गुंडाळून
दांडिया बाजारातून अशी निघाली,
जसं कुणी तिला शहर मोजायला नेमलंय.

पहिल्या दिवशीचे एकोणचाळीस फोटो.
बरेचसे तिच्याच बोटाचे,
भिंगावर आलेल्या, उन्हात लालभडक.
वीस वर्षं बोटांची हाडं बघतोय मी,
बोटातला उजेड नव्हता पाहिला.
तरी म्हणालो, बोट बाजूला घे गं.

मग गौरीच्या जेवणाला कारेलीबागेत
विनूकाकांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं.
काढ बाई आमचा एक झकास.
तिनं काढला.
बारा पोटं, एकही डोकं नाही,
कोपऱ्यात मांजराची शेपटी.
कॅमेरा हातोहात फिरला. हसून हसून
कुणाच्या तरी ताटातली खीर सांडली.

ती रडली नाही.
कॅमेरा चष्म्याच्या जुन्या घरात घातला
आणि फळीवर, मेतकुटाच्या बरणीमागे.
अकरा दिवस.
बायको म्हणाली, तू हसलास?
नाही.
काही बोललास?
नाही.
तेच तर, म्हणाली, आणि कणीक मळत राहिली.

बाराव्या रात्री ती झोपल्यावर
मी तो फोटो मोठा करून पाहिला,
छातीचा फोटो बघतो तसा,
वरून खाली, डावीकडून उजवीकडे,
घाई न करता.
शिकाऊ पोरांना मी रोज सांगतो,
आधी बघ, मत मागून.
पोटांच्या रांगेत, दोन साड्या सोडून,
कुमुदमावशीच्या मुठीत
विनूकाकांच्या सदऱ्याची बाही.
प्लॉटच्या भांडणानंतर सात वर्षं
ही दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत.
मोठ्यांची नजर जिथं पोचत नाही
त्या उंचीवर ती मूठ होती,
आणि नऊ वर्षांच्या माणसाचा डोळा
नेमका तिथंच असतो.

सकाळी बरणी मीच सरकवली.
चल, सुरसागरला जाऊ.
का?
उजेड बरा आहे आज.

काठावर सगळ्यांचे फोन महादेवाकडे वर.
ही गुडघ्यावर बसून
शेंगदाणेवाल्याच्या चाळणीतून बघत होती
धूर, आणि धुरात तुकडे झालेलं तळं.
सरळ धर, असं जिभेवर आलं.
दोन दाणे तोंडात टाकले.

मग तिनं भिंग माझ्याकडे वळवलं.
मी सवयीनं हनुवटी वर केली,
खांदे पुढे, छाती फुगवली,
आणि थांबलो.
बाबा, श्वास घे ना!
असा मेल्यासारखा काय उभायस?
हसू आलं. हललो. खटका वाजला.

रावपुऱ्यातल्या दुकानात पोरगा
पडद्याकडे बघून मान हलवतो,
साहेब, आ तो हली गयो छे.
चेहऱ्याच्या जागी ऊन सांडलेलं,
दोन कान, दीड हसू,
मागे तळ्याची एक तिरकी रेघ.
तोय काढवो छे?

माझं बोट धरून
ती खालून माझ्याकडे बघतेय.

काढ, म्हणालो,
दोन्ही भाषांत एकच शब्द,
आणि मोठा काढ.