येणे बाकी

उद्यमबागेत, भट्टीमागच्या खोलीत
दर एकतीस मार्चला मी तीच ओळ
नव्या वहीत उतरवतो :
पंपाची केसिंगं, बिडाची, नग दोनशे बारा.
गिऱ्हाईक : एक आख्खा देश.

देश बुडाला. मग पत्र आलं,
शंभरातल्या त्र्याण्णवांनी सही केलीय,
रुपयाला एकतीस पैसे घ्या, विषय मिटवा.
देसूरकर मालकांनी त्यावर चहाचा पेला ठेवला.
गोल डाग अजून आहे.

उरलेल्या सातांत आम्ही,
आणि एक फंड,
ज्यानं कधी बीड ओतलं नाही,
भंगाराच्या भावानं कागद उचलले
आणि लंडनच्या कोर्टात पुरा रुपया मागतोय, व्याजासकट.
परवा त्यानं कुठल्याशा बंदरात
त्या देशाचं शिकाऊ जहाज अडकवलं.
फोटोत पोरं डेकवर बटाटे सोलत बसलेली.

वकिलांचा फोन : हीच वेळ, फंडाच्या बाजूनं उभे राहा.
मालक फोटोच बघत राहिले.
"ह्यातल्या कुठल्या पोरानं माल मागवला होता काय रे?"

वाट बघायला आम्हाला कुणी शिकवू नये.
ह्या गावाचीही फाईल दिल्लीत आहे,
मालकांच्या काळ्या केसांपासून.
एका वहीत आम्ही येणे,
दुसरीत कधीचे जमा.

सही झाली नाही. इकडे नाही, तिकडेही नाही.
संध्याकाळी साचे फोडताना म्हणाले,
त्यांच्या पाणीखात्याला एक पत्र टाक.
पैशाचं नको.
विचार फक्त,
केसिंग कुठं गळत तर नाही?