पीठ दम खातंय तोवर

आमच्या तळघराच्या खिडकीतून
तिबिलिसी फक्त घोट्यापर्यंत दिसतं.
पहाटे साडेचारला एकही पाऊल नसतं.
पाचला येतात रस्ता झाडणाऱ्या वाझाचे चिखलाचे बूट,
मागोमाग शाळेत घंटा देणाऱ्या झुझुनाच्या लोकरी सपाता.
तोंडं मी आवाजावरून लावून घेते.

कणीक तिंबून झाली की वर ओला कपडा.
आता वीस मिनिटं ती दम खाणार.
मी खायचा नाही, असं कुठे लिहिलंय?

वीसमधली सहा तोनेला जातात,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी आमची भट्टी, तिचा विस्तव सारखा करायचा.
चार मिठाच्या पाण्याला, भिंतीवर शिंपडायच्या.
तीन ओतारला फोन: सुई टोचून घेतलीस का,
आणि खाल्लंस ते त्याच्या आधी की नंतर, खरं सांग.
उरली सात.
त्यातलं एक कुणीतरी काच वाजवून नेतंच.

सहा.

तेक्ले शनिवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शिकवते.
मी तीन शनिवार गेले.
चौथ्याला भाचीचं लग्न, पाचव्याला पिठाची गाडी,
सहाव्याला काहीच नव्हतं, झोपले.
ती म्हणते, रोज चाळीस मिनिटं, रिकाम्या पोटी, शांत खोलीत.
शांत खोली आमच्याकडे एकच आहे, तिला लिफ्ट म्हणतात.
वीस तेत्रीचं नाणं टाकलं की अकरा मजले आपले.
मी आत ताडासन करते,
दोन्ही टाचांवर सारखा भार, दोन्ही हातांत सारख्या पिशव्या.
आठव्याला लिफ्ट गचका देते
तेव्हा श्वास चुकू द्यायचा नाही.
एवढाच माझा अभ्यास.

एकदा पोरीनं मला कामावर पाहिलं:
भट्टीच्या तोंडात कंबरेपर्यंत,
एक पाय मागे हवेत,
होडीसारखी ओली शोती आतल्या भिंतीला थापून
भाजायच्या आत बाहेर.
दिवसाला तीनशे वेळा.
म्हणाली, मावशी, तुमचं कामच योग आहे.

नाही गं बाई.
काम ते काम. त्याला गिऱ्हाईक असतं.
तीनशे वेळा वाकते ती पाठ माझी नाही,
बाहेरच्या रांगेची आहे.
ते ती कागदात गुंडाळून नेतात,
घरी पोचेपर्यंत टोक मोडून खाल्लेलं असतं.
ही सहा मिनिटं कुणाला खाता येत नाहीत.

रिकामं पोतं अंथरते.
पोत्यावर गिरणीचा लाल कोंबडा,
त्याच्या पंखांवर माझे तळवे.
कंबर वर, मान सैल सोडलेली,
आणि गुडघ्यांमधून उलट्या खिडकीत
वाझाचे बूट छताला धरून चालतात.
पहिला श्वास नुसता धुराचा.
दुसऱ्यात विजेचं बिल.
तिसऱ्यात मुलगा, पोलंडमध्ये ट्रक चालवतो,
आज कुठे झोपला असेल.
चौथ्यात
कधी कधी कुणीच नसतं.
मग पाचवा घ्यायची घाई होत नाही.

काल त्या लोकरी सपाता काचेशी थांबल्या.
आधी गुडघे टेकले, मग हात,
मग एक रुमाल बांधलेलं तोंड खाली आलं, माझ्यासाठी उलटं.
नऊ वर्षांत पहिल्यांदा.
नाकावर एवढा मोठा तीळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

"लामारा, पडलीस का गं?"
"नाही."
"मग करतेस काय?"
कानांत रक्त घुमत होतं. मी तशीच.
"दम खातेय."
जरा वेळ ती काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, "मला दे की थोडा."

कपड्याखाली पीठ टम्म होऊन आलं होतं.
म्हटलं, ये खाली, अजून एक पोतं आहे.
पण पळत ये,
सव्वा मिनिट उरलंय.