डावऱ्या हाताचा नकाशा

आन्सेल्मो उर्कीदेस दगड घेऊन आला
पिकअपच्या हौद्यात, जुन्या गोधडीत गुंडाळून,
आजारी मेंढी आणावी तसा.
म्हणाला, देल्फिना, तू थडगी कोरतेस,
तुला दगडावरचं कळतं. वाच.

लाल वालुकाश्म, पाटाएवढा.
वर एक घोडा, शेपूट नसलेला.
एक बदाम, पत्त्यातला असतो तसा.
अठरा टिंबं ओळीनं, मग एक सुटं, लांब.
आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
एक तिरकी रेघ.

अकरा वर्षं तो ही रेघ नदी समजून चालला.
ॲरिझोनाच्या कोरड्या ओढ्यांतून,
सग्वारोंच्या पहाऱ्यातून,
पोटऱ्यांत निवडुंगाचे काटे घेऊन.
अठरा टिंबं म्हणजे अठरा कोस,
मग अठरा घळी,
मग सोन्यानं लादलेली अठरा खेचरं,
आणि बायको सोडून गेली त्या हिवाळ्यात
अठरा पापं.
घोड्याचं तोंड उत्तरेला.
दगड फिरवला की दक्षिणेला.

मी दगड अंगणात नेला, उन्हात तिरका धरला.
सकाळी सातचं ऊन
खोलगट जागी लपू देत नाही काही.
म्हटलं, वाचता येत नाही मला हे.
कोरणारा तेवढा दिसतोय.

डावरा होता. घाव उजवीकडे कललेत.
टाकी एकच, तिचा कोपरा उडालेला,
प्रत्येक टिंबाच्या बुडाशी तीच नखाएवढी खूण.
घोडा घाईत कोरला, बहुतेक उपाशीपोटी.
शेपटाशी आला
आणि कुणीतरी हाक मारली असावी.
बदाम मात्र सावकाश.
बदाम ओल्या वाळूनं दोनदा घासलाय.
सोनं नसेलच असं मी म्हणत नाही,
पण सोनं दडवणारा माणूस
बदामाच्या टोकाशी
इतका वेळ बसत नाही.

आणि रेघ? त्यानं विचारलं.

रेघ टाकीची नव्हे, आन्सेल्मो.
तिचे काठ बघ.
बाकी सगळं काळवंडलंय, ही आतून अजून गुलाबी.
ही फाळाची.
दगड शेतात निघाला त्या दिवशी
तुझ्या वडलांच्या ट्रॅक्टरनं ओढलेली.

कॉफीवर साय धरली.
पलीकडच्या गल्लीत कुणीतरी गाडी सुरू करत होतं,
ती होत नव्हती.
मग तो म्हणाला, म्हणजे अकरा वर्षं
मी बापाच्या नांगरामागून चालत होतो.

गोधडीची घडी घातली. नीट, चार पदरी.
आणि रविवारी पाण्याचे कॅन भरून
निघाला पुन्हा
त्याच रेघेनं.

गेल्या मार्चात त्याचा पुतण्या आला, चिठ्ठी घेऊन.
काकांना नाव नको, तारखा नकोत.
तोच दगड हवाय डोक्याशी, हुबेहूब.

मी घोडा कोरला. शेपटाशी थांबले.
टिंबं मोजून अठरा, आणि एक सुटं.
उजव्या हातानं डावऱ्याचे घाव घालायचे
म्हणजे दुसऱ्याची सही करणं,
बोटांना लाज वाटत राहते.
रेघेपाशी दोन दिवस काम बंद ठेवलं.
मग टाकी पुसून ठेवली
आणि गॅरेजमागच्या भंगारातून
एक जुना फाळ उचलून आणला.

आता दफनभूमीत शनिवारी लोक येतात.
होकायंत्रं, कोळसा, पातळ कागद.
आन्सेल्मोच्या उशापासून पावलं मोजतात,
सोळा, सतरा, अठरा,
कुंपण ओलांडून पालो वेर्देच्या झाडापर्यंत,
तिथं वाद घालतात.

काल एक मुलगी गुडघ्यांवर बसून
दगडाच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवत होती.
तिथं एक बारीक ओरखडा आहे.
मला शिंक आली होती, टाकी घसरली.
तिनं तो वहीत उतरवून घेतला,
कोन मोजला, दोनदा,
आणि मान वर करून डोंगराकडे पाहिलं.

मी खराटा टेकवून उभी राहिले,
ही कुठल्या दिशेला निघते बघत.