झाऊ

टिपणीस बाईंनी तळच्या कप्प्यातून काढला तो कागद
डांबरगोळ्यांच्या वासाचा, कडा कसरीने खाल्लेला.
त्यावर दोऱ्याने टाचलेली एक काटकुळी फांदी,
फुलं अजून मळकट जांभळी.
"हीथ," बाई म्हणाल्या.
"थंड मुलखातलं झुडूप. आपल्याकडे नाही येत."

येतं की, मी म्हटलं.
डबऱ्याच्या पुलाखाली, सिंधच्या वाळूत
कंबरभर उभं असतं,
असंच बारीक, असंच गुलाबी.

बाई हसल्या नाहीत.
"आण."

रविवारी आणलं. ओल्या फडक्यात, मांडीवर.
बसमध्ये शेजारीण म्हणाली, टोकरी बुनोगी क्या?

टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी.
भिंगाखाली आधी पानं.
हीथची सुईसारखी, एका पेराला चार,
कडा मागे वळलेल्या,
थंडीत कुणी पदराखाली हात घ्यावेत तशा.
माझ्याला पानं म्हणायची तर खवले,
एकावर एक, फांदीला चिकटून,
पालीच्या शेपटीसारखे.

मग फूल.
हीथच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून
त्यांची घंटा झालेली, तोंडाशी नुसते चार दाते.
परागकोशाला टोकाशी भोक, मिरपूडदाणीला असतं तसं.
माझ्या फुलात पाच पाकळ्या,
चिमट्याने पाचही सुट्या निघाल्या,
कुणी कुणाला धरून नव्हतं.

"बी?"
बोंड उकललं.
शेंडीवालं बी पंख्याच्या वाऱ्याने उडालं
ते थेट हजेरीपटावर.

"आता चाख."
मी बघतच राहिले. बाई थांबल्या होत्या.
फांदी जिभेला लावली.
खारट.

"हीथला आंबट माती लागते," बाई म्हणाल्या,
"हे मीठ पितं, आणि अंगावरून बाहेर टाकतं."
मग सुईत दोरा ओवता ओवता,
मान वर न करता:
"पुण्यात नणंद विचारते, तुम्ही हिंदीवाल्या ना?
इथे दूधवाला विचारतो, महाराष्ट्र से कब आए?
सहा पिढ्या झाल्या कंपूत."
दोरा तोडला दातांनी.

मी चिठ्ठी लिहिली:
झाऊ. सिंध नदी, डबरा. वाळू, पाण्यापासून वीस पावलं.
शेरा: हीथ नव्हे.

बाईंनी शेवटची ओळ खोडली.
"जागा कशाला घालवतेस?
उंची लिही. फुलांचा महिना लिही."

कार्तिक, मी लिहिलं.
उंची मोजलीच नव्हती.
कंबरभर, असं लिहिलं.

टेम्पोत बसले तरी
ओठांवर मीठ होतं.